'तांबुरेलो'च्या वळणापलीकडे

इटलीतील इमोला येथे १ मे १९९४ रोजी सॅन मरिनो ग्रां प्रीच्या सातव्या फेरीत आयर्टन सेन्नाची विल्यम्स मोटार तांबुरेलोच्या वळणावर न वळता सरळ काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. तीन विश्वविजेतेपदे, १६१ शर्यती, ४१ विजय आणि ६५ पोल पोझिशन हा त्याचा हिशेब तिथेच थांबला. मायकेल शूमाकर आणि लुईस हॅमिल्टन यांनी हे आकडे केव्हाच मागे टाकले. तरीही सर्वश्रेष्ठ चालक कोण, हा वाद आजही सेन्नाला वगळून पूर्ण होत नाही.

साओ पावलोतील एका सधन घरात २१ मार्च १९६० रोजी त्याचा जन्म झाला. गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून वडिलांनी त्याला चौथ्या वर्षी एक चिमुकली कार्ट करून दिली. ब्राझीलमध्ये दा सिल्वा हे आडनाव आपल्याकडील पाटील-जाधवांइतकेच सर्रास आढळते. त्यामुळे इंग्लंडमध्ये शर्यती खेळताना त्याने आईच्या माहेरचे सेन्ना हे आडनाव धारण केले.

पावसात त्याला तोड नव्हती. १९८४ मध्ये मोनॅकोच्या ओल्या रस्त्यांवर टोलमनसारख्या दुबळ्या संघाची मोटार त्याने तेराव्या स्थानावरून दुसऱ्यावर आणली. आघाडीवरील अ‍ॅलन प्रोस्टला तो गाठणार, तोच शर्यत थांबविण्यात आली. पुढच्याच वर्षी पोर्तुगालमध्ये, तेही भर पावसात, त्याने पहिला विजय मिळविला.

प्रोस्ट आणि तो १९८८ मध्ये मॅक्लारेन संघात एकत्र आले. त्या मोसमातील १६ पैकी १५ शर्यती या जोडीने जिंकल्या आणि त्याच मोसमात वैराची बीजेही पेरली गेली. १९८९ मध्ये जपानमधील सुझुका येथे दोघांच्या मोटारी एकमेकींना भिडल्या. शर्यत जिंकूनही सेन्ना बाद ठरला आणि विजेतेपद प्रोस्टकडे गेले. १९९० मध्ये त्याच सुझुकात, पहिल्याच वळणावर, सेन्नाने प्रोस्टला धडक दिली आणि विजेतेपद आपल्याकडे घेतले. ती धडक हेतुपुरस्सर होती, हे त्याने वर्षभराने मान्य केले. प्रचंड वेगात दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारे हे कृत्य होते. चाहते त्यावर पांघरूण घालतात. ते योग्य नव्हे. मात्र १९९२ मध्ये बेल्जियममध्ये सरावाच्या वेळी एरिक कोमाच्या मोटारीला अपघात झाला, तेव्हा धावपट्टीवर मोटार थांबवून त्याच्या मदतीला धावणाराही हाच सेन्ना होता.

इमोलातील ते तीन दिवस अशुभच ठरले. शुक्रवारी रुबेन्स बॅरिकेलो भीषण अपघातातून बचावला. शनिवारी ऑस्ट्रियाचा नवखा चालक रोलांड रात्झेनबर्गर ठार झाला. शर्यत सोडून देण्याचा सल्ला डॉक्टर आणि स्नेही सिड वॉटकिन्स यांनी सेन्नाला दिला. त्याने तो मानला नाही. रविवारी सकाळी त्याने सहकारी चालकांशी सुरक्षिततेसाठी संघटना पुन्हा उभारण्याबाबत चर्चा केली. अपघातानंतर त्याच्या मोटारीत ऑस्ट्रियाचा ध्वज सापडला. विजयानंतर रात्झेनबर्गरच्या स्मरणार्थ तो फडकविण्याचा त्याचा मानस होता, असे मानले जाते.

ब्राझीलने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. साओ पावलोत लाखो लोक रस्त्यावर उतरले. पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत प्रोस्टही होता. दोन दिवसांनी साल्झबर्गमध्ये रात्झेनबर्गरचा अंत्यविधी मोजक्या लोकांच्या उपस्थितीत पार पडला.

चालकांची संघटना त्याच महिन्यात मोनॅकोत पुन्हा उभी राहिली. १९९५ मध्ये तांबुरेलोचे वळण बदलण्यात आले, चालकाच्या आसनाभोवतीच्या कडा उंचावल्या आणि २००३ पासून मानेला संरक्षण देणारे 'हॅन्स' उपकरण सक्तीचे झाले. इमोलानंतर ग्रां प्रीमधील अपघातामुळे चालक दगावल्याची पुढची घटना म्हणजे ज्यूल्स बियांची. २०१४ मध्ये सुझुकात तो जखमी झाला आणि २०१५ मध्ये त्याचे निधन झाले.

ब्राझीलमधील गरीब मुलांसाठी काही करण्याची इच्छा सेन्नाने बहीण व्हिवियानकडे बोलून दाखविली होती. त्याच वर्षी तिने स्थापन केलेली आयर्टन सेन्ना संस्था तेथील सरकारी शाळांसाठी काम करते. इमोलात मे २०२४ मध्ये, अपघाताला ३० वर्षे झाल्यानिमित्त, सेबॅस्टियन व्हेटेलने सेन्नाची १९९३ ची मॅक्लारेन चालविली. त्या वेळी त्याने ब्राझीलसोबत ऑस्ट्रियाचाही ध्वज फडकविला.