तारखेला बांधलेली नौका

१० जुलै १९६९ रोजी अटलांटिक महासागराच्या मध्यभागी ‘पिकार्डी’ या ब्रिटिश टपालवाहू जहाजाला एक तीन अंगांची शिडाची नौका वाहत जाताना दिसली. शीड अर्धवट उभारलेले होते, नौका शाबूत होती, मात्र तिच्यावर माणूस नव्हता. केबिनमध्ये नोंदवह्या नीट ठेवलेल्या होत्या. त्या वाचल्या गेल्या तेव्हा उमगले की, ज्या खलाशाच्या स्वागताची तयारी इंग्लंडात जोरात चालू होती, त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलीच नव्हती. तो अटलांटिकच्या बाहेरही पडला नव्हता. डोनाल्ड क्राउहर्स्टचे नाव तेव्हापासून लबाडीचा आणि वेडाचा नमुना म्हणून घेतले जाते. परंतु त्याच्या आयुष्याकडे जरा स्वस्थपणे पाहिले, तर हा माणूस समुद्रात बुडण्यापूर्वी किनाऱ्यावरच बुडाला होता असे म्हणावे लागते. आणि त्या बुडण्यात त्याच्याखेरीज इतरांचाही वाटा होता.

क्राउहर्स्टचा जन्म १९३२ साली गाझियाबादचा. वडील हिंदुस्थानातील रेल्वेत नोकरीला, आई शिक्षिका. स्वातंत्र्याबरोबर हे कुटुंब इंग्लंडला परतले. पण वडिलांनी आयुष्याची पुंजी इकडेच खेळाचे साहित्य बनविणाऱ्या एका कारखान्यात गुंतविली होती. फाळणीच्या दंगलीत तो कारखाना जळाला. पाठोपाठ १९४८ मध्ये वडील वारले. फाळणीने देशोधडीला लावलेल्या लक्षावधी घरांच्या हिशेबात या इंग्रज घराची नोंद कोणी करणार नाही, आणि त्याची तुलनाही त्यांच्याशी होऊ शकत नाही. तरीसुद्धा बुद्धिमान मुलाला शाळा अकाली सोडून फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात उमेदवारी करावी लागली, हे त्या आगीचेच फळ होते. हातातून गेलेली प्रतिष्ठा परत मिळविली पाहिजे, ही टोचणी त्याला जन्मभर राहिली असावी.

१९५३ मध्ये तो हवाई दलात वैमानिक अधिकारी झाला. वर्षभरात त्याला तेथून बाहेर पडावे लागले. पुढे लष्कराच्या तांत्रिक विभागात शिरला. १९५६ मध्ये तेथूनही निघाला. हुषारी, धाडस आणि बोलण्यातली मोहिनी हे गुण त्याच्यापाशी विपुल होते. शिस्त आणि सातत्य यांचे माप मात्र आखूड पडे. १९५७ मध्ये त्याने लग्न केले, चार मुले झाली, आणि सॉमरसेटमधील ब्रिजवॉटर गावी त्याने ‘इलेक्ट्रॉन युटिलायझेशन’ नावाचा छोटा कारखाना काढला. रेडिओलहरींवरून नौकेची दिशा काढणारे ‘नॅव्हिकेटर’ हे हातात धरण्याजोगे उपकरण तेथे तयार होई. उपकरण चांगले होते, पण धंदा चांगला चालेना. गावात तो नगरसेवक म्हणून निवडून आला होता. सुट्टीच्या दिवशी आपली लहानशी नौका घेऊन किनाऱ्यालगत फिरावे, इतकाच त्याचा समुद्राशी संबंध होता.

१९६६–६७ मध्ये सर फ्रान्सिस चिचेस्टर यांनी सिडनीला एकच मुक्काम करून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि सारा ब्रिटन त्यांच्यामागे वेडा झाला. आता उरले होते ते न थांबता प्रदक्षिणा करणे. ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राने मार्च १९६८ मध्ये तशी शर्यत जाहीर केली. प्रथम परतणाऱ्यास सोन्याचा गोल, सर्वांत कमी वेळात फेरी पुरी करणाऱ्यास ५,००० पौंड. उमेदवाराच्या अनुभवाची परीक्षा नव्हती, नौकेची तपासणी नव्हती. अट महत्त्वाची एकच : १ जून ते ३१ ऑक्टोबर १९६८ या दरम्यान निघाले पाहिजे. या प्रवासाला निघण्यास लायक कोण, हे ठरविण्याचे काम अशा रीतीने दिनदर्शिकेकडे सोपविण्यात आले.

क्राउहर्स्टने प्रथम चिचेस्टर यांचीच नौका मागून पाहिली. ती मिळाली नाही. मग त्याच्या कारखान्यात पैसा घालणाऱ्या व्यापाऱ्याला त्याने नव्या नौकेचा खर्च उचलायला राजी केले. हे त्याच्या वाक्चातुर्याचे यश होते. त्याची किंमत करारात लिहिलेली होती. मोहीम फसली तर नौका त्याच्या कंपनीने विकत घ्यायची. म्हणजे त्याने माघार घेतली की धंद्याचे दिवाळे निघणार. टेनमाउथ गावाचे नाव नौकेला देण्याच्या बोलीवर त्या गावचा प्रसिद्धीप्रमुख रॉडनी हॉलवर्थ त्याची कीर्ती वृत्तपत्रांतून पसरवू लागला. नौका पाण्यात पडण्याआधीच नायक तयार झाला होता.

नौका कशी निवडली, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्या कोकणातील होडीला तोल सांभाळण्यासाठी एका बाजूस उलांडी असते. क्राउहर्स्टच्या ‘टेनमाउथ इलेक्ट्रॉन’ला मधल्या मुख्य अंगाच्या दोन्ही बाजूंस एकेक पोकळ तरते अंग होते. सुमारे ४० फूट लांबीची ही घडण अनुकूल वाऱ्यात वेगवान असते; पण वाऱ्याच्या तोंडावर ती चांगली चालत नाही, आणि एकदा उलटली की आपोआप सरळ होत नाही. दक्षिण महासागरातल्या डोंगराएवढ्या लाटांत हा दोष प्राणघातक ठरणार, हे त्याला माहीत होते. त्यावर त्याने उपाय योजला : नौका कलंडू लागताच विजेचे संवेदक ती खूण ओळखतील, डोलकाठीच्या टोकावरची पिशवी वायूने फुगेल, मग वर आलेल्या अंगात पंपाने पाणी भरून नौका पुन्हा उभी करायची. कल्पना खुळचट मुळीच नव्हती. फक्त ती कागदावर होती, आणि कागद ओला झाला की काय उरते याचा विचार करायला वेळ नव्हता.

सागरी शर्यतीसाठी छोटी नौका सज्ज करणे हे कंटाळवाण्या कामांचे शास्त्र आहे. सांधे पाणी धरतात की नाही, झाकणे घट्ट बसतात की नाही, आत आलेले पाणी उपसण्याचा पंप हाताशी आहे की नाही, आपोआप सुकाणू सांभाळणाऱ्या यंत्राचे स्क्रू सैल होत नाहीत ना, शिडाची दोरी अंधारात एका हाताने सोडविता येते का, सुटे भाग कोणत्या कप्प्यात आहेत — या प्रश्नांची उत्तरे बंदरात मिळवायची असतात. ती मिळविण्याचा एकच मार्ग म्हणजे नौका घेऊन खराब हवेत बाहेर जाणे, परत येणे, मोडले ते दुरुस्त करणे आणि पुन्हा जाणे. यात चमकण्यासारखे काही नाही. म्हणूनच प्रतिभावंत माणसाला त्याचा कंटाळा येतो.

नॉर्फोकमधील ब्रंडल येथे नौका पाण्यात उतरली ती २३ सप्टेंबरला. तेथून टेनमाउथचा प्रवास तीन दिवसांचा धरलेला होता. त्याला तेरा दिवस लागले. समुद्राने दिलेला हा पहिला आणि स्पष्ट अहवाल होता. अखेरच्या मुदतीला तेव्हा जेमतेम पंधरवडा उरला होता. तो पंधरवडा गोंधळात गेला. धक्क्यावर सामानाचे ढीग पडले, सुटे भाग मागे राहिले, पाणी उपसण्यासाठी मागविलेली नळी नौकेवर चढलीच नाही. नौका सरळ करणाऱ्या त्या यंत्रणेच्या तारा केबिनमध्ये व्यवस्थित ओढलेल्या होत्या; पण त्या ज्या संगणकाला जोडायच्या तो बनलेलाच नव्हता. तारा कोठेच जात नव्हत्या. त्याच्या साऱ्या मोहिमेचे याहून नेमके चित्र सांगता येणार नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री त्याने पत्नीला नौका समाधानकारक नसल्याचे सांगितले आणि तो रात्रभर रडला. त्याला कोणीतरी थांब म्हणायला हवे होते. ते म्हणण्याची सोय मात्र कोणालाच उरली नव्हती. पत्नीला वाटले, अडविले तर हा जन्मभर दुःखी राहील. व्यापाऱ्याचा पैसा अडकला होता, प्रसिद्धीप्रमुखाचा शब्द, गावाची हौस, वृत्तपत्राची बातमी. ३१ ऑक्टोबरला दुपारी तो निघाला, आणि थोड्याच वेळात ओढून परत आणावा लागला. कारण डोलकाठीवरची पिशवी बांधताना शिडांच्या दोऱ्याच तिच्याखाली आवळल्या गेल्या होत्या. दोऱ्या सोडविल्या आणि मुदत संपायला काही तास असताना तो पुन्हा निघाला. परत येऊन थांबण्याची संधी दैवाने अक्षरशः त्याच्या दारात आणून ठेवली होती.

पुढचे जगाला ठाऊक आहे. सुकाणूयंत्राचे स्क्रू गळू लागले, पुढची झाकणे गळू लागली, विजेचे जनित्र भिजले. १५ नोव्हेंबरला त्याने नौकेतील दोषांची प्रामाणिक यादी लिहिली. दक्षिण महासागरात शिरलो तर जगण्याची आशा जेमतेम अर्धी, आणि परतलो तर नाश निश्चित, असा तो हिशेब होता. या दोहोंमध्ये त्याने तिसरी वाट काढली. डिसेंबरपासून तो खोटी स्थाने कळवू लागला, एका दिवसात २४३ मैलांचा विक्रम केल्याचे त्याने तारेने सांगितले, आणि हॉलवर्थने त्यात भर घालून ते छापून आणले. जानेवारीत त्याने रेडिओ बंद केला. मार्च १९६९ मध्ये अर्जेंटिनाच्या एका आडगावी तो नियम मोडून गुपचूप किनाऱ्याला लागला आणि फुटलेले अंग दुरुस्त करून निघाला. इतर स्पर्धक पृथ्वीला वळसा घालून अटलांटिकमध्ये परतले की त्यांच्या मागे लागून घरी जायचे. शेवटचा आलो तर वह्या कोण तपासणार?

परंतु नऊ स्पर्धकांतील बाकीचे गळत गेले. फ्रान्सचे मॉयतेसिए विजयाच्या बेतात असताना शर्यत सोडून ताहितीकडे वळले. नायजेल टेटली हा क्राउहर्स्टसारखीच नौका घेऊन निघालेला सच्चा दर्यावर्दी प्रदक्षिणा जवळजवळ पुरी करून परतत होता. मागून येणाऱ्या क्राउहर्स्टच्या खोट्या वेगाच्या बातम्यांनी त्याने जीर्ण नौका बेफाम हाकली आणि मे महिन्यात अझोर्सजवळ ती बुडाली. टेटली वाचला. पण आता ५,००० पौंडांचे बक्षीस क्राउहर्स्टकडे चालत आले, आणि त्यासोबत वह्यांची तपासणीही. काळ, ईश्वर आणि मानवी बुद्धी यांविषयी त्याने सुमारे पंचवीस हजार शब्द लिहिले. १ जुलैला नोंद संपते. त्याचा देह मिळाला नाही.

त्या शर्यतीत एकच नौका परत आली, आणि ती मुंबईत बांधलेली होती. ३२ फुटांची ‘सुहैली’ आपल्या सुतारांनी सागवानी लाकडातून वाकस आणि हाती गिरमिटांनी घडविली; १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरील अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती मुंबईहून दक्षिण आफ्रिकेमार्गे इंग्लंडला नेली होती. नव्या नौकेसाठी पैसा मिळेना, म्हणूनच ते तिच्यावर निघाले. ती संथ होती. तीही गळली, त्यांनी भर समुद्रात पाण्याखाली जाऊन फटीत सूत भरले. तिचेही सुकाणूयंत्र मोडले, रेडिओ बंद पडला. पण तिचा स्वभाव आणि तिची व्यंगे त्यांना पाठ होती. २२ एप्रिल १९६९ रोजी ३१२ दिवसांनी ते फाल्मथला पोचले. पुढे ५,००० पौंडही त्यांनाच मिळाले, आणि त्यांनी ते क्राउहर्स्टच्या कुटुंबासाठी दिले. ज्याने समुद्र खरोखर पाहिला, त्याला फसविणाऱ्याचाही न्याय करण्याची घाई नव्हती.

क्राउहर्स्टला निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. त्याने जगाला फसविले, आणि टेटलीच्या नौकेचे पाप काही अंशी त्याच्या माथी आहे. मात्र त्याची लबाडी डिसेंबरात सुरू झाली हे खरे नव्हे. अपुरी नौका पुरी आहे असे ज्या दिवशी सर्वांनी मिळून मानले, त्या दिवशी ती सुरू झाली; आणि त्या दिवशी धक्क्यावर टाळ्या वाजविणारे पुष्कळ होते. तारीख आधी ठरवायची आणि तयारी तिच्यामागे फरफटत न्यायची, ही रीत आपल्याला परकी नाही. पाहुणे, मंडप आणि फीत सज्ज असते. काम अपुरे असते. ते अपुरे आहे असे सांगणारा अभियंता अपशकुनी ठरतो. पूल असो वा पाटबंधारा, तारा कोठे जातात हे विचारणारा माणूस कोणालाच नको असतो.

याच शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ साली झालेल्या नव्या शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेली ‘सुहैली’ची प्रतिकृती ‘तुरीया’ घेऊन निघाले. हिंदी महासागराच्या दक्षिणेस वादळात डोलकाठी मोडली, ते जबर जखमी झाले आणि त्यांची सुटका करावी लागली. ते परत आले, बरे झाले, आणि २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरून एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. अपयश घेऊन परतता येते, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच पुन्हा निघता येते. क्राउहर्स्टच्या करारात नेमके हेच कलम नव्हते.

कोकणचा कोळी पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून शाकारतो, तिच्या फटी भरतो, तिला तेल पाजतो आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. त्या सणालाही तारीख असते. पण ती समुद्र शांत होण्याच्या अनुभवातून आलेली आहे, कोणाच्या जाहिरातीतून नव्हे. आणि पौर्णिमेला नारळ वाहूनही दर्या खवळलेलाच असला, तर होडी किनाऱ्यावर राहते. त्याबद्दल गावात कोणी कोणाला भित्रा म्हणत नाही. टेनमाउथच्या धक्क्यावर ३१ ऑक्टोबरला एवढे शहाणपण असते, तर चार मुलांचा बाप घरी राहिला असता.