रुक्मिणीदेवी आणि प्रयोगशाळेतली खुर्ची

सिंधुदुर्गात माकडताप पहिल्यांदा आला तो २०१६ साली, दोडामार्ग तालुक्यात. पुढच्या वर्षी बांदा परिसरात त्याने हातपाय पसरले. काजूच्या बागेत गेलेल्या माणसाला गोचीड चावते, ताप चढतो. रानात माकडे मरून पडू लागली की समजायचे, विषाणू जवळपास आहे. या आजारावरच्या जुन्या लशीचा प्रभाव फार काळ टिकत नसे, म्हणून नव्या लशीचे प्रयत्न चालू आहेत. पण लस माणसाच्या दंडात जाण्याआधी ती प्राण्यांवर तपासावी लागते. त्याला परवानगी कोणी द्यायची, हे आपल्याकडे एका कायद्याने ठरते आणि त्या कायद्याची सुरुवात एका नर्तकीपासून होते.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराईत झाला. वडील नीलकंठ शास्त्री थिऑसॉफिकल सोसायटीत ओढले गेले आणि कुटुंब मद्रासला अड्यारजवळ आले. सोळाव्या वर्षी रुक्मिणीने वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या जॉर्ज अरुंडेल या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाशी लग्न केले, तेव्हा मद्रासमध्ये गहजब झाला. १९२८ साली या दांपत्याने मुंबईत ॲना पावलोवाचा बॅले पाहिला. पुढे ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या बोटीवर दोघींची मैत्री जमली. देवदासींचा म्हणून हिणवला जाणारा नाच त्या शिकल्या, १९३५ मध्ये लोकांसमोर नाचल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कलाक्षेत्र उभे केले. भरतनाट्यमच्या इतिहासात हे सारे सविस्तर लिहिलेले आहे. विज्ञानाच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव सहसा येत नाही, आणि ही उणीव लहान नाही.

१९५२ साली त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या. कलावंत खासदाराने कलेबद्दल बोलावे, अशीच साधारण अपेक्षा असते. रुक्मिणीदेवींनी प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी खासगी विधेयक मांडले. पंतप्रधान नेहरूंनी ते मागे घेण्याची विनंती केली आणि सरकारच असा कायदा आणेल, असे आश्वासन दिले. त्यांनी विधेयक मागे घेतले. अशी आश्वासने पुष्कळदा फायलीत विरतात, हे मात्र पाळले गेले. सरकारने समिती नेमली आणि १९६० मध्ये कायदा झाला. त्यानुसार १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

त्या कट्टर शाकाहारी. प्राण्यांची जिवंतपणी चिरफाड त्यांना मुळातच मान्य नव्हती. पण कायद्याने प्रयोगांवर बंदी घातली नाही. कलम १४ ने नवे ज्ञान मिळवण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी, रोगाशी लढण्यासाठी प्रयोग करण्याची मुभा ठेवली आणि कलम १५ ने त्यांवर देखरेखीसाठी केंद्रीय समिती नेमण्याची तरतूद केली. प्रयोग शक्यतो भूल देऊन करावा. उंदीर, ससा, गिनीपिग यांच्यावर भागत असेल तर मोठा प्राणी वापरू नये. पुस्तक, प्रतिकृती किंवा चित्रपट दाखवून शिकवता येत असेल तर विद्यार्थ्यांसाठी प्राणी वापरू नये. केवळ हात बसावा म्हणून तर सहसा नाहीच. ही तत्त्वे त्याच कायद्यात आली. आज ती साधी वाटतात, पण बेडूक फाडल्याशिवाय जीवशास्त्र येत नाही असे मानण्याचे ते दिवस होते.

माकडांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. पोलिओच्या लशीचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर वाढवला जाई आणि त्यासाठी लागणारी लालतोंडी माकडे मोठ्या संख्येने भारतातून अमेरिकेला जात. ज्या लशीने लाखो मुले चालती राहिली, तिच्यामागे पिंजऱ्यांतून विमानाने गेलेली ही माकडे होती. १९५५ मध्ये भारताने निर्यात काही काळ थांबवली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा अट होती: वापर फक्त लस आणि वैद्यकीय संशोधनासाठी. पुढे ही माकडे अमेरिकेत लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली गेल्याचे उघड झाले आणि मोरारजी देसाई सरकारने १९७८ मध्ये निर्यात बंद केली. याच मोरारजींनी १९७७ साली रुक्मिणीदेवींना राष्ट्रपतिपदासाठी विचारले होते. त्यांनी नकार दिला.

२४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. केंद्रीय समिती १९६४ मध्येच नेमली गेली होती, पण तिच्या कामाला जोर आला तो १९९८ च्या नियमांनंतर. तेव्हापासून प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत आठ जणांची नैतिक समिती लागते. जीवशास्त्राचा एक संशोधक, वेगवेगळ्या शाखांचे आणखी दोन शास्त्रज्ञ, प्राण्यांची देखभाल पाहणारा पशुवैद्य आणि प्राणिगृहाचा प्रमुख हे संस्थेतले पाच. बाहेरून येणारे तिघे: दुसऱ्या संस्थेतला शास्त्रज्ञ, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ नसलेला, समाजाचे भान असलेला एक माणूस. या शेवटच्या खुर्चीकडे काही संशोधक उपचार म्हणून पाहतात, ते चूक आहे. पाच जण एकाच छपराखाली काम करणारे असताना, इतकेच उंदीर का, कमी का नाहीत, वेदना झाल्या तर काय करणार, हे प्रश्न बाहेरच्या माणसाला विचारणे सोपे जाते. रुक्मिणीदेवी स्वतः अशा समितीवर आल्या असत्या तर त्यांना हीच खुर्ची मिळाली असती.

समितीचा अधिकारही मर्यादित आहे. माकडतापाच्या लशीसाठी उंदीर किंवा ससे वापरायचे असतील तर संस्थेतली समिती मंजुरी देऊ शकते. माकडावर चाचणी करायची असेल तर स्थानिक समितीची शिफारस पुरत नाही, फाइल दिल्लीच्या केंद्रीय समितीकडे जाते.