मिरजेचे फरीदसाहेब

नांदेड-लातूरकडे अखंड हरिनाम सप्ताह बसला म्हणजे वीणा सात दिवस भूमीस टेकत नाही. मात्र तिच्या पोकळ भोपळ्याचा विचार क्वचितच कोणाच्या मनात येत असेल. म्हणून अशी तंतुवाद्ये घडवून विख्यात झालेल्या एका कारागिराचे चरित्र आम्ही विद्यार्थिवर्गापुढे ठेवीत आहो.

फरीदसाहेब हे मिरजेचे शिकलगार. तरवारीस धार देणे हा त्यांच्या घराण्याचा धंदा. 1818 साली पेशवाई बुडाली, शस्त्रांची मागणी ओसरली आणि कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न उभा राहिला. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. तेथे गवयांची ये-जा असे. त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता फरीदसाहेब व त्यांचे बंधू मोहिनुद्दीन हे 1850 च्या सुमारास तंबोरे व सतारी स्वतःच घडवू लागले, असे सांगतात.

हे काम धारेइतकेच नाजूक आहे. नुसत्या तारेचा आवाज जेमतेम ऐकू येतो. तिची शक्ती घोडीवाटे तबलीस व तबलीकडून हवेस मिळते. तबली फार पातळ झाली, तर ती शक्ती लवकर खर्ची पडून नाद मोठा पण अल्पायुषी होतो. फार जाड राहिली, तर आवाज दबतो. भोपळ्यात कोंडलेली हवाही स्प्रिंगप्रमाणे तबलीस उलट रेटते. भोपळा लहान असल्यास ही हवा ताठ असते. मोठा असल्यास मऊ होऊन खर्जास आधार देते. म्हणून पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्यास मोठा भोपळा लागतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे त्याकरिता निवडून वाळवितात.

आजच्या ध्वनिवर्धकाच्या खर्जपेटीसही हाच नियम लागू आहे. बंद पेटी लहान केली की तीतील पडद्याचा स्वाभाविक स्वर चढतो, त्याखालचा खर्ज क्षीण होतो, आणि त्या स्वरापाशीच विद्युत्प्रवाहास होणारा विरोध शिखरास पोहोचतो. हे सारे आज यंत्राने मोजता येते. फरीदसाहेबांच्या काळी बोटे व कान हीच मापे होती.

त्यांचे वंशज पिढ्यानुपिढ्या हाच व्यवसाय करीत आले. सतारमेकर हेच त्यांचे आडनाव झाले. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांच्या वडिलांचा धंदा बसत चालला आहे, अशा आमच्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, तरवारीचे दिवस सरले, तरी फरीदसाहेबांच्या हातचे कसब सरले नाही. त्यांनी त्यास नवे काम दिले.