आतड्याचा निरोप ऐकणारा स्टार्लिंग

‘हार्मोन’ हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या आजीपासून दहावीतल्या नातीपर्यंत सर्वांच्या तोंडी तो असतो. पण तो शास्त्राला देणाऱ्या अर्नेस्ट स्टार्लिंगचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. मला त्याच्याविषयी कुतूहल वाटले ते मुंबईमुळे. १८६६ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलाचे वडील मुंबईत न्यायखात्यात अधिकारी होते. त्यांचे घरी जाणे क्वचितच व्हायचे.

स्टार्लिंग डॉक्टर झाला, पण रमला प्रयोगशाळेत. विल्यम बेलिस हा त्याचा मेहुणा आणि सहकारीही. पाचकरसांचा कारभार मज्जातंतूच चालवतात, असे त्या काळी पावलोव्हसारखा दिग्गज मानत होता. जानेवारी १९०२ मध्ये या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले, रक्तवाहिन्या तेवढ्या राखल्या आणि आत आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला! तारा तुटल्यावर निरोप गेला कसा? स्टार्लिंगने आतड्याचे अस्तर खरवडले, वाळू आणि आम्लाबरोबर खलले, गाळले आणि ते पाणी रक्तात टोचले. पुन्हा रस! निरोप्या रक्तातून जात होता. त्याचे नाव ठेवले सिक्रेटिन. १९०५ मध्ये अशा सर्व निरोप्यांना स्टार्लिंगने चेतवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘हार्मोन’ म्हटले.

अशा प्रयोगांना प्राणिमित्रांनी कडाडून विरोध केला. १९०३ मध्ये प्रकरण कोर्टात गेले. निकाल बेलिसच्या बाजूने लागला, पण त्या मुक्या जिवांचे ऋण विसरू नये, असे मला वाटते.

पहिल्या महायुद्धात स्टार्लिंग ब्रिटनच्या अन्नखात्याचा सल्लागार होता. १९१९ मध्ये तो जर्मनीला गेला आणि नाकेबंदीत उपासमार सोसलेल्या जनतेच्या अन्नस्थितीचा अहवाल त्याने लिहिला. राज्यकर्त्यांना सडेतोड बोलणाऱ्या या माणसाला ‘सर’ ही पदवी कधीच मिळाली नाही. १९२७ मध्ये जमैकाजवळ, जहाजावरच, त्याचा अंत झाला.

पण त्याने दाखवलेली वाट पुढे थेट गोठ्यापर्यंत आली. नवजात वासराने चीक ओढला, की गॅस्ट्रिनसारखी संप्रेरके त्याच्या रक्तात वाढतात आणि पोट कामाला लागते. उपाशी वासरात हा निरोप मंदावतो. एल्सी विडोसन या संशोधिकेने १९७६ मध्ये डुकराच्या पिलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईचे दूध प्यालेल्या पिलांची आतडी पहिल्या चोवीस तासांतच झपाट्याने वाढली होती. नुसत्या पाण्यावर ठेवलेल्यांची तशी वाढली नाहीत. माणसाच्या बाळांतही, केवळ सलाइनवर असलेल्यांच्या रक्तात आतड्याच्या संप्रेरकांची ती लाट येत नाही, असे पुढे आढळले. आज अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शिरेतून पोषण चालू असतानाही नळीने आईचे थोडे थोडे दूध देतात. ते पोट भरण्यासाठी नसते. आतड्याला जागे करण्यासाठी असते.

गावाकडून खरवसासाठी चीक आला, की आपण हरखून जातो. तेव्हा एवढे मात्र जरूर विचारावे: वासराचे पोट भरले ना?