नकाशातील बेट

दिवाळी जवळ आली म्हणजे मावळात अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहू लागतात. देहूरोडच्या मुलांना लोहगड आणि विसापूर हे खरे गड काही फार दूर नाहीत. तरीही अंगणातील किल्ल्याची त्यांची गोडी कमी होत नाही. दगडमाती रचून बुरूज करावेत, हळीव पेरून रान उगवावे, वाट वळवावी आणि मोक्याच्या जागी मावळे उभे करावेत, यात दिवस कसा सरतो ते कळत नाही. वडील माणसांना हा पोरखेळ वाटतो. परंतु अशाच खेळाचा नाद एका स्कॉटिश मुलाला लागला, तो जन्मभर सुटला नाही आणि त्यातूनच जगातील एक अजरामर कादंबरी निर्माण झाली. त्या मुलाचे नाव रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन.

स्टीव्हन्सनचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी १३ नोव्हेंबर १८५० रोजी झाला. दीपगृहे बांधणे हा त्याच्या घराण्याचा व्यवसाय होता. खवळत्या समुद्रातील बेल रॉक या खडकावर दीपगृह उभारणारे विख्यात स्थापत्यविशारद रॉबर्ट स्टीव्हन्सन हे त्याचे आजोबा. वडील थॉमस हेही त्याच कामात निष्णात होते. परंतु अशा कणखर घराण्यातील हा एकुलता एक मुलगा प्रकृतीने मात्र फारच नाजूक निघाला. हिवाळा आला की खोकला आणि ताप त्याचा पिच्छा पुरवीत. झोप न आल्यामुळे तो रात्रभर तळमळे. तेव्हा त्याची प्रेमळ दाई त्याला उचलून खिडकीशी नेई व पलीकडच्या घरांतील दिवे दाखवी. तेथेही कोणी आजारी मूल पहाटेची वाट पाहत असेल, अशी कल्पना ती दोघे करीत.

इतर मुले बाहेर हुंदडत असता रॉबर्टला अंथरुणावर पडून राहावे लागे. त्याने त्या अंथरुणाचेच राज्य केले. पांघरुणाच्या घड्या म्हणजे डोंगर आणि मधले खळगे म्हणजे दऱ्या. त्यांतून त्याच्या शिशाच्या शिपायांच्या पलटणी कूच करीत. एका हिवाळ्यात बॉब नावाचा त्याचा चुलतभाऊ राहावयास आला, तेव्हा तर खेळाला बहर आला. दोघांनी दोन काल्पनिक देश वाटून घेतले, त्यांना नावे दिली आणि त्यांचे नकाशे काढले. सकाळची लापशी खातानाही खेळ थांबत नसे. बॉबच्या लापशीवर साखर असे. तो देश बर्फाखाली गाडला जाई. रॉबर्टच्या लापशीत दूध असे. त्याच्या देशात महापूर येई. याखेरीज कागदी नाटकघराची चित्रे रंगवणे आणि कातरणे हाही त्याचा आवडता छंद होता.

पुढे वडिलांच्या इच्छेनुसार त्याने स्थापत्यशास्त्राचे शिक्षण सुरू केले. परंतु मन लेखनाकडे ओढ घेत होते. १८७१ मध्ये त्याने धीर करून वडिलांना तसे सांगितले. घराण्याची परंपरा खंडित होणार, याचे थॉमस यांना अतिशय दुःख झाले. निदान पोटापाण्याची सोय असावी म्हणून मुलाने वकिलीची परीक्षा द्यावी, असे ठरले. १८७५ मध्ये तो वकील झाला. पण वकिलीत त्याने लक्ष घातले नाही. निबंध व प्रवासवर्णने लिहून थोडेफार नाव झाले, तरी पैसा बेताचाच मिळे. तिशी गाठली तरी त्याला वडिलांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागत होते.

१८८० मध्ये त्याने फॅनी ऑस्बोर्न या अमेरिकन बाईंशी विवाह केला. त्यांना पहिल्या विवाहापासून झालेला लॉइड हा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. फुप्फुसांच्या विकारामुळे हे कुटुंब स्वित्झर्लंडमधील दाव्होस या थंड गावी हिवाळ्यात राहू लागले. तेथील घराच्या माळ्यावर स्टीव्हन्सन आणि लॉइड यांची युद्धे रंगत. छत इतके उतरते की, कडेला ताठ उभेही राहता येत नसे. मेणबत्तीच्या उजेडात, कडाक्याच्या थंडीत, दोघे जमिनीवर ओणवे होत. रंगीत खडूंनी फळ्यांवर डोंगर, नद्या, पूल, गावे व चांगले-वाईट रस्ते रेखाटलेले असत. त्यावरून शेकडो शिपायांच्या फौजा हालत. एकेक मोहीम आठवडेच्या आठवडे चाले. दारूगोळा किती उरला, हवामान कसे आहे, यांचेही नियम ठरलेले असत. स्टीव्हन्सन तर या लढायांच्या बातम्या काल्पनिक वृत्तपत्रांसाठी लिहून काढी. मुलाची समजूत काढण्यासाठी तो खेळत नसे. स्वतः रंगून खेळे.

१८८१ चा उन्हाळा त्यांनी स्कॉटलंडमधील ब्रेमार या गावी काढला. पाऊस थांबेना. घरात कोंडलेला लॉइड चित्रे रंगवीत बसे आणि स्टीव्हन्सनही त्याला साथ देई. एके दिवशी असाच एका बेटाचा नकाशा तयार झाला. त्यावर खाड्या, टेकड्या आणि जंगले सुबक रंगांनी उठून दिसू लागली. त्याला 'ट्रेझर आयलंड', म्हणजे खजिन्याचे बेट, असे नाव मिळाले. नकाशाकडे पाहता पाहता स्टीव्हन्सनला त्या झाडीतून डोकावणारे चाचे दिसू लागले. तो रोज एक प्रकरण लिही आणि घरातील मंडळींना वाचून दाखवी. पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणे झाली.

या श्रोत्यांत त्याचे वडीलही होते. मुलाने घराण्याचा व्यवसाय सोडला म्हणून कष्टी झालेले ते गंभीर वृत्तीचे वृद्ध गृहस्थ आता लहान मुलासारखे गोष्टीत रमले. म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडले, याची तपशीलवार यादी त्यांनी स्वतः करून दिली. सोळाव्या प्रकरणाशी लेखणी अडली. ती दाव्होसला गेल्यावर पुन्हा चालू लागली. गोष्ट प्रथम मुलांच्या साप्ताहिकात आली. ती पुस्तकरूपाने छापावयाची ठरली, तेव्हा हस्तलिखिताबरोबर पाठवलेला नकाशा गहाळ झाल्याचे कळले. आता मजकुरातील प्रत्येक अंतर व दिशा ताडून नवा नकाशा काढणे भाग पडले. हे किचकट काम थॉमस यांच्याच कचेरीत झाले. ज्या कचेरीत दीपगृहांचे आराखडे होत, तेथे एका काल्पनिक बेटाचा नकाशा तयार झाला आणि त्यावर चाच्यांच्या सरदाराची सही वडिलांनी ठोकली! तरी पहिल्या नकाशाची सर स्टीव्हन्सनला त्याला कधी आली असे वाटले नाही. १८८३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याची कीर्ती सर्वत्र पसरली.

पुढे त्याने आणखी गाजलेल्या कादंबऱ्या आणि मुलांसाठी सुंदर कविता लिहिल्या. १८८७ मध्ये वडील वारले. प्रकृतीला मानवेल अशा हवेच्या शोधात तो पॅसिफिक महासागरात गेला आणि १८९० मध्ये सामोआतील उपोलू बेटावर त्याने घर बांधण्यास आरंभ केला. ज्याने लहानपणी बेटांचे नकाशे काढले, तो खरोखरच एका बेटाचा रहिवासी झाला. तेथील लोक त्याला 'तुसिताला', म्हणजे गोष्टी सांगणारा, म्हणत. तुरुंगात पडलेल्या त्यांच्या सरदारांना त्याने आधार दिला होता. सुटल्यावर त्यांनी कृतज्ञतेने त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला.

३ डिसेंबर १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याला अकस्मात मृत्यू आला. वाएआ डोंगराच्या माथ्यावर आपल्याला पुरावे, अशी त्याची इच्छा होती. परंतु वर जाण्यास वाट नव्हती. सामोअन लोकांनी कुऱ्हाडी घेऊन दाट रान तोडले, वाट पाडली आणि आपल्या तुसितालाला खांद्यावरून माथ्यावर नेले. तेथून खाली निळा समुद्र दिसतो. ज्याचे बालपण अंथरुणाच्या डोंगरदऱ्यांत गेले, तो त्या खऱ्याखुऱ्या डोंगरावर चिरविश्रांती घेत आहे.