ट्रंपेटवाला चिक चॉकलेट
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

नाताळ उरकला की वसईत लग्नं सुरू होतात, हे आमच्या होस्टेलवर कॅलेंडर न बघताही कळतं. संध्याकाळी वाडीच्या पलीकडून बँडचा आवाज येऊ लागतो आणि कितीही सबमिशन बाकी असलं तरी पोरं खिडकीत जमतात. मी नांदेडचा. आमच्याकडे बँड म्हणजे वरातीपुढे कानठळ्या बसवणारा प्रकार. इथल्या ख्रिस्ती गावांतला बँड मात्र निराळा. समोर कागद लावून, नोटेशन वाचून वाजवणारी माणसं. त्यातला कुणी दिवसा वाडीत राबतो, कुणी बँकेत असतो. लग्नाला तोच बँड, सणाला तोच आणि अंत्ययात्रेलाही तोच.

सेकंड इयरला असताना नंदाखालच्या एका मित्राकडे लग्नाला गेलो होतो. त्याचे वडील (आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणतो) गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतात. जेवणं चालू असताना बँडने ‘अलबेला’ची गाणी एकामागून एक काढली. मी शहाणपणा करून सी. रामचंद्रांचं नाव घेतलं. अंकलनी मान डोलावली आणि विचारलं, की त्या गाण्यांच्या मागे जो चिक चॉकलेट होता तो ठाऊक आहे का? मला वाटलं, आइस्क्रीमच्या काउंटरवर काहीतरी नवीन आलंय!

तर मित्रांनो, ही त्या चिक चॉकलेटची गोष्ट. कलावंताला आपण प्रेमाने एकेरीच बोलतो, म्हणून मीही तसंच लिहितो.

खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यात बार्देश तालुक्यातल्या हळदोण्याचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा होता आणि गावोगावी चर्चला जोडून शाळा असायची. तिथे पोरांना प्रार्थनेबरोबर संगीतही शिकवत. हातात वाद्य येण्याआधी स्वर वाचून गाता आला पाहिजे, ही पहिली अट. या एका सवयीवर गोव्यातल्या कितीतरी मुलांनी पुढे मुंबईत पोट भरलं. कारण कागदावरचं संगीत बघताक्षणी वाजवणारी माणसं तेव्हा मुंबईला हवीच होती.

चिकच्या आईची इच्छा वेगळी होती. पोराने मेकॅनिक व्हावं, चार पैसे नीट कमवावेत. हे वाचलं आणि मला हसूच आलं. आपल्या होस्टेलवरच्या निम्म्या खोल्यांत अशीच एकेक आई फोनवर असते! फरक एवढाच की आपण ऐकलं आणि त्याने नाही ऐकलं. त्याने ट्रंपेट धरला, मुंबई गाठली आणि ‘स्पॉटलाइट्स’ नावाच्या बँडमधून सुरुवात केली.

त्या काळची मुंबई समजून घ्यायला हवी. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यानंतर क्रिकेट स्मिथ नावाच्या कॉर्नेटवाल्यानेही तिथे बँड चालवला. तोपर्यंत रेकॉर्डवर ऐकलेला जॅझ गोव्याच्या पोरांना आता समोर बघायला मिळू लागला. आणि या सगळ्यांचा देव एकच, लुई आर्मस्ट्राँग. चिकने तर त्याला पूर्णच उचलला. वाजवणं त्या वळणाचं, खर्जातलं खरखरीत गाणं त्या वळणाचं. पुढे लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणू लागले.

इथे माझ्यातला मेकॅनिकलवाला जागा झाला. एका माणसाच्या ट्रंपेटचा आवाज दुसऱ्याला उचलता येतो म्हणजे नेमकं काय उचलतात? तोच ट्रंपेट, तोच माउथपीस आणला की झालं का? अंकलना विचारलं तर त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी दोन माउथपीस माझ्या हातात ठेवले. दिसायला सारखेच. एकाच ट्रंपेटला आधी एक, मग दुसरा लावून त्यांनी एकच सूर धरला. पहिल्याने धारदार, पत्र्यावर उजेड पडावा तसा. दुसऱ्याने गोल, जाडसर. मी चाट पडलो.

आता थोडं आपल्या सिलॅबसचं. ट्रंपेट ही गुंडाळलेली नळी. सरळ केली तर साधारण १.४ मीटर भरेल, आतला व्यास बराचसा साडेअकरा-पावणेबारा मिलिमीटर. पिस्टन तीन. दुसरा दाबला की अर्धा स्वर उतरतो, पहिल्याने एक, तिसऱ्याने दीड. बाकीचे स्वर ओठ आवळून-सैल सोडून काढायचे. वाजवताना ओठांकडचं टोक बंद असल्यासारखं वागतं, म्हणून पुस्तकाप्रमाणे अशा नळीतून फक्त विषम हार्मोनिक्स निघायला हवेत. पण पुढचा पसरट कर्णा आणि मागचा माउथपीस मिळून त्या फ्रिक्वेन्सी इकडेतिकडे सरकवतात आणि जवळजवळ पूर्ण मालिका जुळून येते. म्हणजे माउथपीस हा नुसता ओठ टेकायचा तुकडा नाही, तो वाद्याचाच भाग आहे.

माउथपीसमध्ये बघायचं काय? वर काठ, त्याखाली वाटी, वाटीच्या तळाला गळा, आणि गळ्यापासून पुढे रुंद होत जाणारं भोक. वाटी सोळा-सतरा मिलिमीटर रुंद, गळा जेमतेम ३.६ ते ३.७ मिलिमीटर. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा एक ठरावीक सूर निघतो, तसाच या वाटी-गळ्याचाही स्वतःचा सूर असतो. माउथपीसचं तोंड तळहातावर आपटून बघा, टप् असा ऐकू येतो. त्या सुराच्या आसपासचे हार्मोनिक्स वाद्यात जोर धरतात. वाटी उथळ केली की हा सूर वर चढतो, आवाज चकचकीत होतो, वरचे स्वर हाताशी येतात. वाटी खोल केली की आवाज गोल आणि गडद. म्हणूनच जुन्या कॉर्नेटच्या खोल, निमुळत्या वाटीचा आवाज मऊ वाटतो. काठाची आतली कड तीक्ष्ण असेल तर सूर स्वच्छ सुटतो, पण ओठाला लागते.

आणि हे सगळं लेथवर बसवणारा माणूस आपल्याच ब्रँचचा होता बरं का! व्हिन्सेंट बाख, जन्म १८९०, व्हिएन्नाजवळचा. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, नाद ट्रंपेटचा. १९१४ मध्ये अमेरिकेत गेला, वादक म्हणून नाव कमावलं. तिथे त्याचा आवडता माउथपीस दुरुस्तीत बिघडला, म्हणून १९१८ मध्ये त्याने स्वतःच लेथ घेऊन माउथपीस करायला सुरुवात केली. त्याचे नंबर आजही जगभरचे ट्रंपेटवाले वापरतात, आमचे अंकलसुद्धा.

मग मीही वर्कशॉपमध्ये परवानगी काढून पितळेचा रॉड लावला. ट्रंपेटमध्ये खुपसायचा भाग जवळजवळ मोर्स टेपर झीरोचा असतो, ते जमलं. घोळ गळ्यात झाला. हवा तो ड्रिल मिळेना, हाताला लागला तो साडेचारचा. काय फरक पडतो, म्हटलं. पडला! अंकलनी फुंकला तर सूर कुठे धरावा तेच कळेना, दम एका ओळीत संपला. दुसऱ्या खेपेला वाटी उथळ केली, तर ओठच तळाला टेकायला लागले. शिवाय उघडं पितळ तोंडाला लावल्याबद्दल बोलणी खाल्ली, कारण लेथवर सहज कापलं जाणाऱ्या पितळेत शिसं असतं. चांगल्या माउथपीसवर चांदीचा मुलामा असतो तो नुसता शोभेला नाही.

यातून मला एक कळलं. एक मिलिमीटरने वाद्य बिघडवता येतं, पण त्याच एका मिलिमीटरने आर्मस्ट्राँग होता येत नाही. अंकल तेच दोन माउथपीस दुसऱ्या दिवशी उलटे लावून वाजवायला बसले आणि थोड्या प्रयत्नाने धारदार माउथपीसमधून गोल सूर काढून दाखवला. ओठ, जीभ, जबडा, तोंडातली पोकळी, सगळं माउथपीसच्या अलीकडे आहे आणि ते दुकानात मिळत नाही. त्याची किंमतही वादकच मोजतो. खुद्द आर्मस्ट्राँगचे ओठ वरच्या सुरांच्या दाबाने जायबंदी झाले होते. चिकने रेकॉर्ड ऐकून-ऐकून जो आवाज कमावला तो असा कमावला असणार, असं माझं मत.

असो. पुन्हा गोष्टीकडे. १९४५ पर्यंत चिकचा स्वतःचा अकरा जणांचा बँड झाला होता, ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’. इतर बँडना मागे टाकून त्याने ग्रीन्स हॉटेलचं कंत्राट मिळवलं. गेटवेसमोर ताजचा जो उंच टॉवर दिसतो ना, त्या जागी हे ग्रीन्स होतं. ताजमध्येही चिक वाजवायचा. नाचणारी जोडपी, गप्पा, ग्लासांचा आवाज आणि मागे अकरा जण. या सगळ्यांवरून ट्रंपेट शेवटच्या टेबलापर्यंत पोचवायचा, म्हणजे धार हवीच.

स्वातंत्र्यानंतर मात्र दिवस बदलले. गोरे गिऱ्हाईक गेलं, मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतल्या नाचगाण्यांचा जोर ओसरला. दुसरीकडे सिनेमाची गाणी जोरात होती. गोव्याचे वादक तिकडे वळले. तिथे कामाची पद्धत अशी की संगीतकार चाल गाऊन दाखवणार, हार्मोनियमवर वाजवणार. ती कागदावर उतरवायची, व्हायोलिनने काय वाजवायचं, ट्रंपेटने कुठे शिरायचं, मधला तुकडा कसा भरायचा, हे पाश्चात्त्य नोटेशन येणाऱ्या सहाय्यकाने बघायचं. चर्चच्या शाळेतलं शिक्षण इथे कामी आलं.

पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, आणि हळदोण्याचा चिक यांची जोडी इथे जमली. एकाच्या डोक्यात मराठमोळी चाल आणि ठेका, दुसऱ्याच्या हातात जॅझ आणि लॅटिन बाज. १९५० च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ ऐका, १९५१ च्या ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ ऐका. भगवानदादांचा नाच सगळ्यांना आठवतो. पण त्याच सिनेमातल्या एका नाचगाण्यात खुद्द चिक आणि त्याचा बँड पडद्यावर दिसतो, हे किती जणांनी पाहिलंय? मी चार वेळा ‘अलबेला’ बघून एकदाही पाहिलं नव्हतं.

इथे ट्रंपेटचं कामही बदललं. हॉलमध्ये शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचं होतं, स्टुडिओत माइक समोर. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके माइक. एक चुकला की सगळं पुन्हा. मोठ्या आवाजाची वाद्यं माइकपासून लांब ठेवत. लताबाईंच्या आवाजाला धक्का न लावता दोन ओळींच्या मधल्या जागेत शिरायचं आणि वेळेत बाहेर पडायचं. कधी कर्ण्याच्या तोंडात म्यूट खुपसायचा. म्यूटने खालच्या फ्रिक्वेन्सी अडतात, आवाज बारीक आणि लांबून आल्यासारखा होतो. ग्रीन्समध्ये कमावलेला दम इथे आवरून धरायचा. माझ्या मते हे जास्त अवघड.

१९५१ मध्येच चिकला स्वतंत्र संगीतकार म्हणून ‘नादान’ मिळाला. देव आनंद आणि मधुबालाचा सिनेमा. त्यातलं तलत महमूदचं ‘आ तेरी तस्वीर बना लूं’ अजूनही रेडिओवर लागतं. ते ऐकून कुणी ओळखणार नाही की हे ट्रंपेटवाल्याचं गाणं आहे, इतकं ते शांत आहे. पण संगीतकार म्हणून त्याची गाडी फारशी पुढे गेली नाही. तो सहाय्यक राहिला, सी. रामचंद्रांचा आणि पुढे मदनमोहनचाही. रेकॉर्डवर नाव गायकाचं आणि संगीतकाराचं. अरेंजरचं आणि वादकांचं नाव छापायची तेव्हा रीतच नव्हती. मला हे खटकतं. ड्रॉइंगवरसुद्धा आपण ‘ड्रॉन बाय’ आणि ‘चेक्ड बाय’ अशा दोन चौकटी ठेवतो की!

१९६६ मध्ये चेतन आनंदचा ‘आखरी खत’ आला. त्यातल्या क्लबच्या गाण्यात, ‘रुत जवां जवां’मध्ये, पडद्यावर गाणारा तरुण म्हणजे भूपिंदर आणि ट्रंपेट घेतलेला माणूस म्हणजे चिक. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, तो गेला. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

हे गाणं मी अंकलच्या ओटीवर बसून मोबाईलवर पाहिलं. अंकलनी बजावलं की बोटांकडे बघू नकोस, तोंडाच्या कोपऱ्यांकडे बघ. स्क्रीन लहान, मला नीट काही दिसलं नाही. त्यांना मात्र दिसत होतं. गाणं संपलं की ते पुन्हा लावायला सांगायचे.

माझा तिसरा माउथपीस सध्या त्यांच्याकडे आहे. गळा ३.७ चा, वाटी मध्यम, वर चांदीचा मुलामा. होस्टेलमागच्या वाडीत पुढच्या आठवड्यात लग्न आहे. त्यात दोन गाणी ते माझ्या माउथपीसवर वाजवणार आहेत, पण कोणती ते सांगत नाहीत. ती मी खिडकीतून ओळखायची.