दातांचा ताळेबंद

हसू आले की पटकन तोंडावर हात नेणारी मोठी माणसे बँकेच्या काउंटरवरून मी पुष्कळ पाहिली. आता अशांसाठी दातांच्या मागून बसवायच्या तारा आहेत, पारदर्शक साचे आहेत. शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. या सोयीमागची मूळ विद्या ज्याने शास्त्राला आणली, तो डॉ. एडवर्ड अँगल.

1855 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या या दंतवैद्याने 1899 मध्ये वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले. कसोटी एकच: वरची पहिली मोठी दाढ खालच्या दाढेशी कशी जुळते? समोरचे दात नुसते सरळ दिसून त्याचे समाधान होत नसे. जमा आणि नावे जुळल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको. 1900 मध्ये त्याने सेंट लुईसला या शास्त्राची शाळा काढली. 1928 मध्ये चौकोनी खाचेत बसणारी आयताकृती तार मांडली. तिने दात तिन्ही दिशांना वळवता येऊ लागला.

माणूस हट्टी. एकही दात काढायचा नाही, हा त्याचा नियम. 1930 मध्ये तो वारला. पुढे त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने काही रुग्णांचे दात काढूनच उपचार पुरे केले. गुरूचा नियम मोडला, कसोटी टिकली.

म्हणून चाळिशीनंतर गुपचूप दात सरळ करू पाहणाऱ्याने तार दिसेल का, हे जरूर विचारावे. पण आधी हिरड्या भार सोसतील का आणि दाढा जुळतील का, हे विचारावे. घास शेवटी दाढांनीच चावायचा असतो.